इथे साहेब एकच

साहेब हे त्याचं खरं नाव, टोपणनाव नव्हे. त्याची आई एका कचेरीचे जिने पुसायची. दिवसभर साहेब, जरा पाय उचला. साहेब, ओलं आहे, जपून. उलट कुणी साधं हूं म्हणेल तर शपथ. म्हणून मुलगा झाला तेव्हा तिनं ठणकावून सांगितलं, "याचं नाव साहेब. याला हाक मारायची तर मेल्यांना साहेबच म्हणावं लागेल, झक मारत."

समोरच्या खोलीत अरबी शिकवणारे म्हातारे मास्तर राहायचे. ते हसले नाहीत. म्हणाले, "शब्द अरबीतला आहे, बाई. मुळात अर्थ सोबती, बरोबर राहणारा. पुढे धनी, मालक. मान त्याला मागाहून चिकटला." आईला सगळेच अर्थ पसंत पडले.

पोरगा मोठा झाला आणि कपडे धुण्याच्या कारखान्यात बॉयलरवर लागला. थोरली बहीण तिथेच इस्त्रीवर. सगळे त्याला साहेब म्हणत, जुना मालकसुद्धा. मग म्हातारा गेला आणि त्याचा दिवटा खुर्चीवर बसला. आल्या आल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "इथे साहेब एकच, मी. तू आजपासून बंब्या."

खी खी करून हसले सगळे. दुपारपर्यंत ते नाव प्रत्येकाच्या तोंडात रुळलंसुद्धा. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालपर्यंत याच्याच डब्यात हात घालणारे हे लोक. आणि हा शहाणा मान खाली घालून भट्टीत कोळसा टाकत होता. घरी येताना ती तडतडली, तर म्हणतो, "जाऊ दे ताई, नावानं काय पोट भरतं?"

"उद्या कुत्रा म्हणाला तर भुंकशील?"

आईला यातलं काही सांगायचं नाही, एवढं मात्र त्यानं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

एका संध्याकाळी तिघं जेवायला बसली असताना कारखान्यातला फिटर दारात आला. "बंब्या आहे का घरात?"

"ओ, आलो," हा सवयीनं बोलून गेला.

आईचा घास हातातच राहिला. ताईनंच सगळं सांगून टाकलं, एक शब्दही न गाळता. आई रडली नाही. म्हणाली, "या नावाचा मुलगा मला नाही. ज्यानं ओ दिली त्यानं बाहेरच जेवावं."

त्याचे कान लाल झाले. उठून दाराशी गेला आणि फिटरला म्हणाला, "साहेब म्हण, नाहीतर चालू लाग."

फिटर चालू लागला, तो थेट मालकाकडे. दुसऱ्या दिवशी साहेबाला फाटकातूनच परत पाठवलं. बॉयलर थंड, वाफेच्या इस्त्र्या थंड. मालक तणतणत ताईच्या टेबलाशी आला.

"भावाला बोलावून आण तुझ्या."

"कुणाला?"

"तुला चांगलं माहीत आहे."

"मला माहीत आहे हो. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

सगळे हात थांबले. मालकाचं तोंड उघडलं, मिटलं. नाव काही निघालं नाही. त्यानं तिलाही फाटक दाखवलं.

आता दोघंही बेकार. उद्या खायचं काय, देव जाणे. पण ताईच्या पोटात राग मावत नव्हता. गल्लीच्या तोंडापासूनच तिनं हाक घातली, दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडतील अशी, "साहेब, दार उघड."