फळ्यावरच्या आठ रेषा

एका दिवसाची का होईना, मॅडम व्हायची मला भारी हौस होती. केजच्या आमच्या कॉलेजात शिक्षक दिनाला बारावीची पोरं-पोरी अकरावीला शिकवायची आणि खरेखुरे सर मागच्या बाकावर विद्यार्थी होऊन बसायचे. माझ्या वाट्याला फिजिक्स आलं. आलं कसलं, भांडून घेतलं. कारण आमचे वडील, अण्णा, बघायला येणार होते. पुढं लातूरला बीएस्सीला धाडायचं की घरी बसवायचं यावरून आमच्याकडं महिनाभर धुसफूस चालली होती. शेवटी अण्णा म्हणाले, "तुझं शिकवणं डोळ्यानं बघतो, मग ठरवू."

आईची जांभळी साडी, तिला इतक्या पिना की श्वास घ्यायची चोरी. अण्णांना आत या म्हटलं तर ते चपला काढून दाराशीच उभे राहिले.

मी फळ्यावर मधोमध विजेचा धन प्रभार काढला आणि त्यातून चहूकडं आठ बाण. या क्षेत्ररेषा, यांच्या दिशेनं प्रभार ढकलला जातो, दोन रेषा एकमेकींना कधीच छेदत नाहीत. सगळं घडाघडा म्हणून टाकलं. अण्णांची मान डोलत होती.

मागच्या बाकावरून फिजिक्सच्या सरांनी हात वर केला. "मॅडम, शंका आहे."

"विचार रे," मी म्हटलं. वर्ग खिदळला. त्या दिवशी असं चालायचं.

"या दोन रेषांच्या मधल्या जागेत प्रभार ठेवला तर?"

"तिथं रेषाच नाही, तर बल कुठून येणार? तो जागचा हलणार नाही. लक्ष कुठं असतं तुझं?"

पोरं बाकं बडवायला लागली. अण्णाही हसले, त्यांना त्यातलं काडीचं कळलं नव्हतं तरी. सर मात्र हसले नाहीत.

"मॅडम, नववीच्या भूमितीत होतं. एका बिंदूतून किती रेषा जातात?"

"असंख्य."

"मग तुम्ही आठच का काढल्या?"

पुस्तकात आठ होत्या म्हणून! दुसरं काय कारण? माझ्या हातात खडू तसाच राहिला. दोन रेषांच्या मध्ये आणखी एक निघते, तिच्या बाजूला आणखी एक, आणि त्याला अंतच नाही. रिकामी जागा मुळात नव्हतीच. बोट ठेवाल तिथं बल होतं, मी फक्त आठ ठिकाणी दाखवलं होतं. ‘रेषेला जाडी नसते’ हे लिहून नववीत मी मार्क घेतले होते, आणि खडूचा हा जाड पट्टाच खरी रेषा मानून इतकी वर्षं बसले होते. हे सगळं तिथंच, फळ्यापुढं उभ्या उभ्या कळलं. पण ते सांगायचं सोडून मी फळ्याकडं तोंड करून तीच एक रेषा पुन्हा पुन्हा गिरवत राहिले. ज्यांना अरे-तुरे केलं, तेच सर उठून म्हणाले, "वेळ संपली, धन्यवाद मॅडम." त्यांनी मला सावरून घेतलं हे अख्ख्या वर्गाला कळलं. शी! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

केज मागं पडेपर्यंत अण्णांनी मोटारसायकल दामटली. मग म्हणाले, "त्या सरानं मुद्दाम अवघड इचारलं का? चारचौघांत पोरीला पाडायचं म्हंजी काय? उद्या जातोच त्याच्याकडं."

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"न्हाई अण्णा. सोपं व्हतं. मलाच कळलं नव्हतं. आजवरचे मार्क पाठ करून पडलेत."

अण्णांनी गाडीचा वेग वाढवला. आता लातूर विसरा बाई, मी मनाशी म्हटलं.

गावच्या फाट्यावर चहाच्या हॉटेलापुढं त्यांची नेहमीची मंडळी बसलेली. सकाळी जाताना अण्णांनीच तिथं गाडी थांबवून सगळ्यांना साडी दाखवली होती. एकानं हाक मारली, "काय, जमलं का मॅडमला शिकवाया?"

अण्णांनी गाडी हळू केली. "जमलं का म्हंजी? लई भारी शिकवलं बे! सर सुदिक गप बसून ऐकत व्हते. लातूरला धाडतोय आता तिला."

याच वाक्यासाठी मी महिनाभर रुसले होते, दोनदा ताटावरून उठले होते. आता ते ऐकवेना. तोंड पुसायच्या निमित्तानं पदर डोळ्यांवर घेतला, तर त्याला खडू लागलेला. मी मागं बसले होते, त्यामुळं अण्णांना माझं तोंड दिसलं नाही आणि मला त्यांचं.