मंडळाच्या मीटिंगवर पास झालेले दिवे

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या त्र्यंबक देवस्थळींना रिकाम्या खोलीत जळणारा दिवा बघवत नसे. पाहुणा बाथरूममधून बाहेर पडला, की हे मागोमाग जाऊन बटण बंद करत. एकदा तर पाहुणा आतच होता. त्यामुळे १९८४ साली कंपनीने आपल्या जुन्या ऑफिस बिल्डिंगची वीज वाचवायचं काम त्यांच्यावर सोपवलं, तेव्हा त्यांची बायको प्रतिमा म्हणाली, “बरं झालं. आता घरातल्या माणसांना उजेड मिळेल.”

त्यांनी खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या, बॉयलर बदलला. पण जीव अडकला होता तो छतावरच्या सेन्सरमध्ये. खोलीत हालचाल आहे तोवर दिवे चालू, थांबली की थोड्या वेळाने आपोआप बंद. आधी बिनखिडकीच्या कॉन्फरन्स रूममध्ये लावून बघायचा आणि डायरेक्टरांना पटला तरच बिल्डिंगभर, असं ठरलं.

रविवारी टेस्टिंगला माणसं कुठून आणायची? देवस्थळींनी महाराष्ट्र मंडळाची कमिटी मीटिंगच तिथे बोलावली. विषय होता गणपतीत नाटक की ऑर्केस्ट्रा.

“हॉल मी बुक करायचा आणि डिसिजन तुम्ही घ्यायचं, हे नाही चालणार यार,” म्हणत अध्यक्ष गिरीश उभे राहिले. सेक्रेटरी सुहासिनीने टेबल बडवलं. देवस्थळींनीही दोनदा बडवलं. दुपारभर दिव्यांची डोळा मिटायची टाप झाली नाही. देवस्थळी खूश.

बुधवारी डायरेक्टर जमले. ही माणसं हात टेबलावर ठेवून, पाळीपाळीने, हळू आवाजात बोलणारी. ब्रुक्ससाहेबांनी रिपोर्ट वाचायला घेतला आणि अंधार झाला. कुणीतरी हात हलवला, दिवे लागले. पुन्हा गेले. पुन्हा हात, पुन्हा अंधार. आता ब्रुक्स वैतागले. “उद्याच्या उद्या हे काढून टाका.”

देवस्थळी कोपऱ्यात हाताची घडी घालून बसले होते. अमेरिकेत आल्यापासून साहेबांपुढे ते असेच बसत. विचारलं तर उत्तर, नाहीतर गप्प. पण त्या काळोखात साहेबांचे चेहरेच दिसेनात, आणि त्यांची भीड चेपली. ते उठले.

“नो सर,” ते म्हणाले, आणि दिवे लागले. “चूक माझी आहे. टेस्टिंग मी आमच्या लोकांवर केलं. आमची माणसं सगळ्या अंगाने बोलतात. तुमच्यासाठी सेन्सर जरा जास्त सेन्सिटिव्ह करायला हवा, एवढंच. पण घरी जाताना एकेक मजला उजळत ठेवून आपण निघतो, तो कुणासाठी, हे मला कुणीतरी सांगा.”

मग दोन्ही हात उडवत ते काचांपासून बॉयलरपर्यंत सगळं बोलले. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा आवाज तिथे कुणी ऐकला नव्हता. दिवे एकदाही गेले नाहीत.

“ठीक आहे, लावा सगळीकडे,” ब्रुक्स म्हणाले. “पण हा सेन्सर ॲडजस्ट होईपर्यंत प्रत्येक मीटिंगला तुम्ही यायचं. आणि बोलायचं.”

सेन्सर देवस्थळींनी शुक्रवारीच ॲडजस्ट केला. ब्रुक्सना ते सांगायचं मात्र रिटायर होईपर्यंत राहून गेलं.