सात विद्या आणि एक चिठ्ठी

छान बोलणाऱ्या माणसाचा मला अजून आधी संशय येतो. त्याला कारण आमच्या मुलींच्या शाळेतल्या नव्या हेडबाई. त्यांनी आल्या आल्या सात विद्यांची योजना काढली. युरोपातल्या जुन्या शाळांसारखं आधी व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व. पाठोपाठ गणित, भूमिती, संगीत आणि आकाशातले तारे. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, मंगळवार पेठेत भुसाराचं दुकान होतं, आणि समोरचा मापात मारणार हे धरूनच ते व्यवहाराला बसत.

"विद्या चौदा असत्यात," ते म्हणाले. "बाईंनी निम्म्या कुटं ठेवल्या?"

संगीताचं नाव ऐकून अव्वाच्याही, म्हणजे आईच्याही, कपाळाला आठ्या पडल्या. त्यातच मैंदर्गीचं स्थळ आलं. त्या लोकांना मुलगी लगेच शाळेतून काढून हवी होती. मला शाळा सोडायची नव्हती. अप्पा म्हणाले, "आदी शाळेत काय चालतंय ते बगतो, मग ठरवू."

बाईंनी पालकांसमोर वादविवाद ठेवला. चिठ्ठीत निघेल ती बाजू मांडायची, मनाला पटो न पटो. बोलण्याचा खरा कस त्यातच लागतो म्हणे. मला ते तेव्हाही खोटं वाटायचं. विषय होता, लग्न ठरत आलेल्या मुलीनं शाळा सोडावी का. माझ्या चिठ्ठीत निघालं, सोडावी.

मी रडत बसणाऱ्यांतली नव्हते. ईर्ष्येनं बोलले. अव्वाचीच रोजची वाक्यं घेतली आणि अशी रचली, की समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पहिला नंबर मिळाला.

घरी येताना अप्पा खुशीत होते. "पोरीला अक्कल हाय," ते अव्वाला म्हणाले. "मैंदर्गीला निरोप धाडू."

"अप्पा, ती चिठ्ठी होती. बाईंनी आधीच सांगितलं की."

"ऐकलं मी. पोटात नसलेलं इतकं ओठावर येत न्हाय."

घरी पोचल्यावर मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि खरं ते सांगितलं. मला शिकायचंय. का शिकायचंय तेही सांगितलं. पण जीभ आता बाईंच्या हाताखाली तयार झालेली. एक कारण, दुसरं कारण, त्यावरचा आक्षेप, त्याचं उत्तर. एक वाक्य अडखळलं नाही.

अप्पांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"लई चांगलं बोललीस," ते म्हणाले. "ह्या खेपेला कुटली चिठ्ठी निघाली?"