पहिल्या हाकेला ओ

काकांना हाक मारली की पहिल्यांदा ते वळायचेच नाहीत. दुसऱ्या हाकेला मान जराशी हलायची आणि तिसरीला "हां, बोल" यायचं. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीत ते कॉम्प्युटर सांभाळायचे, रोज ठाण्याच्या खोपटहून यायचे. त्यांना बहिरा म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो.

बहिरे नव्हते. मूळचे राजापूरकडचे. तिन्हीसांजेनंतर बाहेरून कुणी हाक मारली तर त्यांच्या गावात लगेच ओ देत नाहीत. भूत एकदाच हाक मारतं, माणूस तीनदा. काकांनी ती रीत भर दुपारी, एसी ऑफिसात चालू ठेवली होती. असा एखादा नमुना तुमच्याही ऑफिसात असेल आणि तुम्हीही त्याची नक्कल केली असेल. मी तर स्नेहसंमेलनात स्टेजवर केली. काका पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

एकदा ते आमच्या डिस्पॅचमध्ये आले. कंपनीच्या सगळ्या फायली एकाच सर्व्हरवर होत्या आणि छपाईही त्याच्यामार्फतच चालायची. काकांचं म्हणणं, या छपाईच्या सोयीतच खोट आहे. नेटवर्कमधल्या कुणाही सोम्यागोम्याने "इकडे ये" म्हटलं की सर्व्हर मुकाट त्याच्या दारात जातो आणि आपली ओळख पटवून देतो. चोराने तीच ओळख कंपनीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरपुढे केली की तिथलं दार उघडलं आणि फायलींच्याही किल्ल्या त्याच्या हातात.

"पासवर्ड चोरायलाच लागत नाही रे," ते म्हणाले. "नुसती हाक मारायची. आपलं गाढव पहिल्याच हाकेला ओ देतं."

मी विचारलं, मग मांत्रिक बोलवायचा का? सगळं डिस्पॅच खिदळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्व्हरवरची छपाई बंद केली. प्रिंटर थेट आमच्या कॉम्प्युटरना जोडून द्यायला त्यांना दोन दिवस हवे होते. इकडे ट्रक गेटात उभा आणि माझ्या ड्रमांची लेबलं निघेनात. मी मालकांना फोन लावला आणि मुद्दाम स्पीकर चालू ठेवला. मालकांनी काकांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकांनी छपाई पुन्हा चालू केली.

"तुम्ही सांगताय म्हणून लावतोय," एवढंच ते फोनकडे बघून म्हणाले.

महिनाभरात सगळ्या फायलींना चोराचं कुलूप लागलं, एकही उघडेना. एका बाईंनी मेलमधून आलेली खोटी फाइल उघडली, चोर त्यांच्या कॉम्प्युटरवर आला आणि तिथून त्याने आमच्या सर्व्हरला हाक मारली. पुढचं काकांनी सांगितलं होतं तसंच झालं.

चौकशी लागली. आदल्या दिवशी काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. पंधरा वर्षांची नोकरी होती, आणि हा डाग घेऊन बाहेर कुणी दारात उभं करणार नव्हतं.

"एवढंच सांग," ते म्हणाले. "मी बंद केलं होतं, ते मला परत चालू करायला लावलं. खोटं काहीच बोलू नकोस."

मी हो म्हणालो.

चौकशीला मालक स्वतः समोर बसले होते. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तसं काही आठवत नाही." मालकांनी मान डोलावली. काका माझ्याकडे बघत राहिले. मला लाज वाटली, पण नोकरीची भीती त्याहून मोठी होती.

त्यांना काढलं, पण लगेच सोडलं नाही. नव्या माणसाला सगळं शिकवून जा म्हणाले. त्यासाठी आठ दिवस पॅसेजमध्ये एक स्टूल दिलं. नव्या माणसाने पहिलं काम काय केलं असेल? सर्व्हरवरची छपाई बंद केली. दोन दिवस मी ड्रमांवर मार्करने हाताने नावं लिहिली आणि चकार शब्द काढला नाही.

मालकांनी सगळ्या ऑफिसला मेल पाठवला. नव्या माणसाचं कौतुक, आणि अशी दूरदृष्टी आधीच्याकडे असती तर ही वेळ आली नसती. काकांचा मेल अजून बंद केलेला नव्हता. स्टुलावर बसून, चष्मा कपाळावर सरकवून ते तो वाचत होते. त्याखाली पहिलं "हार्दिक अभिनंदन" माझं होतं.