चौथा रकाना, पाचवा रकाना

मी याद्या करते. बाजाराच्या, औषधांच्या, पेणहून रोह्याला निघताना पिशवीत काय हवं त्याच्या. रोह्याजवळच्या एका कारखान्यात प्रदूषण-नियंत्रणाचं काम मी याच सवयीवर केलं. त्यातली खंडेनवमीची यादी मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

रंग दिलेले पत्रे आमच्या भट्टीत वाळत. तेव्हा उडणारी थिनरची वाफ बाहेर सोडण्याआधी एका पेटीतून जायची. पेटीत चिनीमातीच्या विटा, मधाच्या पोळ्यासारख्या भोकाभोकांच्या, आणि त्यांच्यावर प्लॅटिनमचा अगदी पातळ थर. तीनशे अंशांना त्या थरावर वाफ ज्योतीशिवाय जळते, वास उरत नाही. जळते म्हणून बाहेर पडणारी हवा आत जाणाऱ्या हवेपेक्षा गरम असते. कामगार त्या पेटीला चूल म्हणत.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. मी यादी लावली: झाडलोट, तेलपाणी, झेंडूच्या माळा, नारळ. सातव्या ओळीत लिहिलं, ‘सगळं चकचकीत करणे’. कामगारांनी ते मनापासून केलं. मोटरसायकल चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे आणून भट्टीला आतून-बाहेरून मारला. मी कौतुक केलं आणि सातव्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

दसऱ्यानंतर भट्टी तापली तसं ते सिलिकॉन उडून विटांवर गेलं. तिथे ते जळतं आणि वाळूसारखी साय धरतं. प्लॅटिनम खाली गाडलं जातं. हे मी शिकले होते. सातव्या ओळीशी त्याचा संबंध मात्र लावला नाही.

कुंपणामागच्या वाडीतली एक मावशी आमच्या कँटीनमध्ये भाकऱ्या भाजायची. घरची भातशेती, दोन्ही मुलगे आमच्याच कंपनीत. मी अधिकारी असले तरी मला ती गो म्हणायची. त्या आठवड्यात तिने मला गाठलं.

“वास येतो गो. गोडसर. घशात बसतो.”

मी हुंगून पाहिलं. थिनरमध्ये वर्षानुवर्षं वावरलेल्या माझ्या नाकाला काही आलं नाही. मी तिला नोंदवही दाखवली: पंखा चालू, हीटर चालू, तापमान तीनशे. तिला वाचता येत नव्हतं, तरी दाखवली.

“मावशी, चूल पेटलेली आहे. वास येणारच नाही.”

ती पुन्हा आली, परत आली. मुलगे आधी चेष्टा करायचे, आमच्या आयशीला कंपनीने सिक्युरिटीत घ्यायला पायजे म्हणायचे. पुढे चेष्टा थांबली. ती दाराच्या फटीत ओली फडकी कोंबायची, जेवायची नाही. थोरल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, म्याडम, खरंच वास नाय ना? मी नाही म्हटलं. त्या शब्दावर तो तिला पेणला डॉक्टरकडे घेऊन गेला. भास होतात म्हणून गोळ्या सुरू झाल्या. कँटीन सुटलं.

महिन्याचा तक्ता उतरवायला बसले तेव्हा पाहिलं. चौथा रकाना आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा, पाचवा बाहेर पडणाऱ्या हवेच्या. दसऱ्याआधी पाचवा आकडा नेहमी मोठा. नंतर दोन्ही सारखे, रोज, आणि प्रत्येक ओळीशेजारी माझी सही.

त्याच दुपारी भट्टी थांबवली. विटा काढल्या तर पांढरट साय. साहेबांना माझी चूक लिहून दिली आणि वाडीवर गेले.

मावशी चुलीपाशी बसली होती, थोरला दारात. मी जमिनीवर बसले आणि सांगितलं, वास खरा होता, चूक माझी होती. थोरल्याने मान खाली घातली. ती मात्र गोळ्यांनी जड झालेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिली.

“नाय, म्याडम. माझा भास व्हता तो.”

गो म्हणाली नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. तेवढ्यात भात लागल्याचा वास आला. झाकणाखालून धूर निघत होता, तिच्या हाताच्या अंतरावर.

“मावशी, भात करपतोय.”

तिने पातेल्याकडे पाहिलं नाही. आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“वास नाय येत,” ती घाईने म्हणाली.

मी ओढणीने धरून पातेलं उतरवलं. माझी बोटं भाजली. ती अजून माझ्याच तोंडाकडे बघत होती, उत्तर बरोबर आलं का, याची वाट पाहत.