कुठल्या नळाचं?

ज्या बाईंनी माझ्यावर पहिल्या दिवसापासून संशय घेतला, आईवडिलांनंतर माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण त्यांचंच आहे. न्युरेम्बर्गमधली मराठी मंडळी त्यांना लॅबमावशी म्हणत. त्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या, आणि जगातल्या कुठल्याही पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पेला अर्धा भरायचा, वर तळहात झाकायचा, गोल हलवायचा, मग हात काढून नाक आत घालायचं. प्यायचं की ओतायचं ते त्यानंतर ठरायचं. हॉटेलात, देवळात, व्याह्यांकडेसुद्धा.

मी जर्मनीत शिकायला आलो तेव्हा त्यांच्या माळ्यावरची खोली मला भाड्यानं मिळाली. मी तालुक्याच्या गावचा, घरातला पहिलाच पदवीधर. प्रवासानं घसा कोरडा पडला होता. स्वयंपाकघरात पेला भरून तोंडाला लावणार, तोच मावशींनी तो हातातून काढून घेतला.

"नळ आधी सोडला होतास?"

"नाही. पण इथलं नळाचं पाणी चांगलं असतं, सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? मला एक सगळे आणून दाखव. आम्ही पंधरा दिवस घरात नव्हतो. तेवढे दिवस हे पाणी नळीत बसून आहे. गार लागेपर्यंत वाहू दे, मग पी."

मी ओशाळून म्हणालो, "आमची आईसुद्धा कालचं पाणी ओतून देते. शिळं झालं म्हणते. इंजिनिअरिंगला गेल्यावर मीच तिला सांगितलं होतं, की पाणी कधी शिळं होत नाही."

"आईला सांग, ती निम्मी बरोबर आहे."

"निम्मी?"

"हंडा आतून घासते का रोज? नुसतं ओतून काय उपयोग?"

पुढच्या फोनवर मी आईला खरंच विचारलं. ती म्हणाली, "चिंचेनं लख्ख घासते म्हणावं. त्यांनी यावं नि बघावं." मी निरोप पोचवला. मावशी म्हणाल्या, "बघू." हळूहळू मला कळलं, की 'बघू' हे त्यांचं सर्वांत वरचं प्रशस्तिपत्र आहे.

त्यांचे यजमान हेल्मुटकाका जर्मन. मराठी मोडकं, पण मोक्यावर बोलत. "लग्नाआधी हिनं मला तपासायला घेतलं," ते पाहुण्यांना सांगत. "आल्झो... म्हणजे तर, रिपोर्ट अजून यायचा आहे."

गणपतीला आम्ही एक हॉल भाड्यानं घ्यायचो. मावशी आधी तिथल्या नळाकडे जात, मग मूर्तीकडे. एकदा कुलकर्णीवहिनी वैतागून म्हणाल्या, "अहो मावशी, दर्शनाला आलात की छापा घालायला?"

"दर्शन घेतेच आहे. तीर्थ कुठल्या नळाचं ते आधी सांगा."

त्यांच्या शब्दावर मला प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचं अर्धवेळ काम मिळालं, आणि त्या कामावर माझं शिक्षण पुरं झालं. मी धुतलेली प्रत्येक बाटली त्या उजेडात धरून पुन्हा बघत. सुरुवातीला मला ते लागायचं. गावाकडचा म्हणून हा अविश्वास, असं वाटायचं. मग एक दिवस पाहिलं, की स्वतः धुतलेल्या बाटल्याही त्या तशाच बघत होत्या. तेव्हापासून मला राग आला नाही.

पुढे मी तिथेच पंप बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीचा काळ, अजून चालू होता. तेव्हाच कंपनीनं वाळवंटातल्या एका मोठ्या शहरात आपल्या माणसांच्या कुटुंबांसाठी सहा मजली इमारत घेतली. तिच्या पाण्याची व्यवस्था माझ्याकडे आली. बायको स्मिता आणि तान्ही मुलगी यांना घेऊन मला तिथेच राहायला जायचं होतं. मी घरी केलेले पेढे घेऊन मावशींकडे गेलो.

"तिथलं पाणी कसं आहे?" पेढा हातात तसाच ठेवून त्यांनी विचारलं.

"समुद्राचं पाणी गोड करतात. अगदी सुरक्षित आहे, असं शहराच्या माहितीपत्रकात आहे."

"कुठल्या नळाचं?"

"शहराच्या."

"शहराला नळ नसतो रे, घराला असतो. कारखान्यातून निघताना ते पाणी उत्तमच असणार. तिथं मी संशय घेत नाही."

"तुम्ही संशय घेत नाही?"

"तिथं नाही. पुढे घेते. गच्चीवर टाकी असेल, वर ते ऊन, आणि इमारत निम्मी रिकामी. पाणी बसून बसून तापणार, त्यातलं क्लोरिन संपणार. लोक क्लोरिनच्या वासाला नाकं मुरडतात. तिथं तो आला नाही, तर मी पेला खाली ठेवीन."

"मग बाटलीचं पिऊ."

"ती बाटली ट्रकवर उन्हात किती दिवस उभी होती, ते विचारलंस?"

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मावशी तापानं बरेच दिवस अंथरुणावर होत्या. त्या उठून फिरू लागल्या, त्याच सुमारास इमारतीच्या पाण्याचा अहवाल माझ्या टेबलावर आला. सगळे आकडे मर्यादेत होते. माझी सही झाली, की कुटुंबं राहायला जाणार होती. मी पुन्हा वाचला. नमुना तळमजल्यावर घेतलेला होता, शहराची नळी इमारतीत शिरते तिथे. टाकीच्याही आधी.

"वरच्या मजल्याचा नमुना दिसत नाही," मी माझे साहेब हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्ट यांना म्हणालो.

"पाणी तेच आहे ना? गेनाऊ, अगदी तेच. उद्या सकाळी सही हवी."

नोकरी गेली तर व्हिसाही जाणार होता. गावी माझ्या शाळेनं फळ्यावर माझं नाव रंगवून घेतलं होतं. आणि त्या इमारतीत सहाव्या मजल्यावर माझ्याच मुलीचं दूध त्या पाण्यात कालवलं जाणार होतं. मी कचेरीतून थेट मावशींकडे गेलो.

त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. पेला भरला, झाकला, हलवला, नाक आत घातलं, आणि तसाच माझ्यापुढे धरला. "तू सांग. मला कसलाच वास येत नाही. तापात नाक गेलं."

मी वास घेतला. "चांगलं आहे, मावशी."

"आता लोकांवर विश्वास ठेवावा लागणार," त्या खाली बसत म्हणाल्या. "म्हातारपणी हे बघायचं होतं."

मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. सही करू का, असं विचारलं.

"मला नको विचारू. नको करू म्हणायला माझं काय जातं? मला पेन्शन आहे." मग म्हणाल्या, "पोर कितव्या मजल्यावर राहणार?"

सकाळी मी सहीच्या जागी लिहिलं, की सहाव्या मजल्यावरच्या नळाचा, पहाटेचा पहिला नमुना आल्याशिवाय मला सही करता येत नाही. हेर फोग्टनी कागद दोनदा वाचला आणि पुढे कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. नमुना मात्र मागवला. त्यात क्लोरिन नावाला नव्हतं आणि जंतू भरपूर होते. बांधकामानंतर टाकीचं झाकण नीट बसवलंच नव्हतं. टाकी धुतली, झाकण बदललं, पाणी फार काळ साठून राहणार नाही अशी व्यवस्था केली, पुन्हा नमुने घेतले. मग मी सही केली. मावशींना कळवलं तर म्हणाल्या, "बघू."

निघताना त्यांनी पंच्यात गुंडाळून आपला पेला माझ्या हातात दिला. "माझ्या आता काय कामाचा?" तिथं पोचल्यावर मी त्यांना लिहिलेलं पत्र असं होतं:

तीर्थरूप मावशींस, साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघं सुखरूप आहोत. दुपारी इथं गार पाण्याच्या नळानंही हात भाजतो. गार लागेपर्यंत वाहू द्यायचं म्हटलं तर दिवाळी येईल. म्हणून पहाटे भरतो. नळाचं पाणी चालतं का असं शेजाऱ्यांना विचारलं, तर निम्मे हो म्हणतात, निम्मे नाही म्हणतात. तपासलेलं कुणीच नाही.

काल पहाटे आमच्याच घरचा नळ सोडला. तुमच्या पेल्यात अर्धं पाणी घेतलं, तळहात झाकला, हलवलं. क्लोरिनचा बारीक वास आला. मग पुन्हा घेतला, तो तुमच्या वाटचा. स्मितानं नाक मुरडलं, तेव्हा फार बरं वाटलं. ते पाणी उकळून, निववून पोरीचं दूध कालवलं. पिऊन झोपली आहे.

तपासणीचा कागद सोबत आहे. पण तो मागच्या आठवड्यातल्या पाण्याचा आहे, आजच्या नाही. तेव्हा त्याच्यावर आणि माझ्या नाकावर विसंबू नका. थंडीत काकांना घेऊन इकडे या. पेला धुऊन ठेवला आहे. आल्यावर तुम्ही तो पुन्हा धुवालच.