‘बरोबर’ खालच्या चौकटीत बसंना

जालना जिल्ह्यात माझ्यावाणी सुबक अक्षर काढणारा पेंटर न्हाई. फक्त काय काढलं ते मला वाचता येत न्हाई. शाळेत गेल्तो, पण भिंती रंगवायला. हे बी मी बोलून राह्यलो आन् माझी लेक लिहून राह्यली.

महिन्यामागं मस्तगडला रंगाच्या दुकानात उभा व्हतो. दुकानदार म्हणला, “धावड्याचे चित्रकलेचे सर गेले म्हणं.” चित्रकलेचे!... अरे, ते गणिताचे सर व्हते. चित्रकला त्यांच्या गळ्यात मी बांधली.

सरांनी मला धावड्याच्या शाळेची भिंत दिल्ती. पोरं घातांकात एकच चूक सारखी करायची. पाचाचा घन वजा पाचाचा वर्ग आलं, की डोक्यावरचे बारके आकडे, तीन आन् दोन, तेच वजा करायचे आन् उत्तर पाच लिहून मोकळे. सर वैतागायचे, “अरे, भागाकार असता तर चाललं असतं! वजाबाकीत आधी किंमत काढा. एकशे पंचवीस वजा पंचवीस, शंभर.” मला म्हणले, “पेंटर, दोन चौकटी काढा. वर चूक, खाली बरोबर. जाता-येता दिसलं पाह्यजे.” कागदावर लिहून दिलं.

खाली खिडकी आडवी आली, म्हणून खालची चौकट अरुंद झाली. ‘बरोबर’ काही तिच्यात बसंना. मला शब्द म्हंजे चित्रच. लांब चित्र वर टाकलं, आखूड खाली. आकडे कागदावर व्हते तिथंच ठेवले. लांबून पाह्यलं आन् सोतावरच खूश झालो.

मंग रंग वाळायच्या आत, सरांनी भिंत बघायच्या आधीच तपासणीला साहेब आले. एका पोरीनं भिंतीवरचं जोरात वाचलं, “बरोबर. उत्तर पाच.” साहेब सगळ्या वर्गासमोर म्हणले, “गुरुजी, पोरांना शिकवायच्या आधी सोता शिका.” मी तिथंच शिडीवर, दरवाजाला रंग देऊन राह्यलो व्हतो. सरांनी एकदा माझ्याकडं वर पाह्यलं... आन् म्हणले, “माझी चूक झाली, साहेब.” मला फक्त एक वाक्य बोलायचं व्हतं. पण बाकीच्या शाळांची कामं जातील ह्या भेवानं डब्यातला रंग ढवळत बसलो. ढवळला मात्र एक नंबर.

पुढच्या साली सरांकडचं गणित काढून घेतलं. पट्टीशिवाय सरळ रेघ न येणारा माणूस रिटायर होईस्तोवर पोरांकडून आंबे रंगवून घेत राह्यला. रस्त्यात भेटले की मी जोक सांगायचो, ते हसायचे. मुद्द्याचं मी एकदा बी बोललो न्हाई. ते बी न्हाई.

परवा राजूरला त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत फळा, त्याच्यावर सरांच्या अक्षरातले आकडे, काही डोक्यावर चढून बसलेले. वहिनी म्हणल्या, “गल्लीतली पोरं यायची गणिताला. तेवढं एक राह्यलं व्हतं त्यांचं. पुसू न्हाई दिलं मी.”

मंग मी सगळं सांगितलं. भिंत, चौकटी, शिडी. वर सवयीनं हसून म्हणलो, “आता काय वहिनी, मी पडलो अंगठाछाप. मला कुठं वाचता येतं?”

त्या हसल्या न्हाईत.

“वाचता येत न्हवतं, भाऊ. बोलता तर येत व्हतं ना?”